लेस्टर ते पर्थ: हरलेल्या राजांच्या मागावर

शनिवार, लेस्टर

इंग्लंडचा पंधराव्या शतकातला राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडला, ही बातमी २०१३ च्या फेब्रुवारीत बहुतेकांनी वाचली असेल. माझी मावसबहीण, आमची ताई, लेस्टरलाच असते. औषधांच्या दुकानात नोकरी करते आणि कित्येक वर्षांपासून रिचर्ड तिसरा सोसायटीची वर्गणीदार आहे. अशा मंडळींना तिकडे रिकार्डियन म्हणतात. भाऊजी म्हणतात 'रिचर्डचे वारकरी'. चेष्टा करतात, पण ऑगस्ट आला की गाडीची चावी त्यांच्याच हातात असते. यंदा मीही त्यांच्यात घुसले. बेत असा, की राजाच्या कबरीपासून निघून त्याच्या जन्मगावावरून उत्तर गाठायची आणि मग स्कॉटलंडच्या जेम्स राजांचा माग काढत पर्थपर्यंत जायचं. जेम्स माझ्या आग्रहाखातर. ताईला खरं तर यॉर्कशायरच्या पुढचा इतिहास फारसा लागत नाही.

रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत पडला. वय ३२, राज्य उणंपुरं दोन वर्षांचं. जिंकणाऱ्यांनी प्रेत उघडंच घोड्यावर टाकून लेस्टरला आणलं, लोकांना दाखवलं आणि ग्रेफ्रायर्स मठात उरकून टाकलं. पुढे आठव्या हेन्रीने मठच मोडीत काढले, इमारत गेली, आणि राजाची हाडं सोर नदीत फेकली अशी आवई उठली ती शेकडो वर्षं टिकली. बो ब्रिजजवळ १८५६ सालची दगडी पाटी आहे, अवशेष इथेच जवळपास आहेत असं ठासून सांगणारी.

सोसायटीतल्या लोकांना हे पटत नव्हतं. १९७५ सालीच त्यांच्या नियतकालिकात एका सभासद बाईंनी लिहिलं होतं की राजा बहुधा शहरातल्या एखाद्या कार पार्कखालीच असेल. तो लेख तसाच पडून राहिला. मग आल्या फिलिपा लँग्ली. एडिंबऱ्याला राहणाऱ्या, पटकथा लिहिणाऱ्या, पेशाने इतिहासकार नव्हेत. समाजकल्याण खात्याच्या त्या पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर आपल्या अंगावर काटा आला आणि पुढच्या खेपेला त्याच जागी डांबरावर 'आर' अक्षर रंगवलेलं दिसलं, असं त्या सांगतात. 'आर' म्हणजे राखीव जागा, बाकी काही नाही. विद्यापीठातल्या लोकांना हे ऐकताना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. पण बाईंनी महापालिकेकडून परवानगी मिळवली, विद्यापीठाचं उत्खनन पथक ठरवलं, आणि ऐन वेळी पैसे कमी पडले तेव्हा जगभरच्या सभासदांना साद घातली. ताईनेही पैसे पाठवले होते. किती, ते भाऊजींना अजून माहीत नाही.

२५ ऑगस्ट २०१२ ला खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात पायाची हाडं लागली.

आज तिथे व्हिजिटर सेंटर आहे, जुन्या शाळेच्या इमारतीत. शेवटच्या दालनात जमिनीला काच आहे आणि खाली तो खड्डा. वरून उजेडाच्या रेघांनी सांगाडा कसा पडला होता ते दाखवतात. मी बराच वेळ तिथेच होते. खड्डा आखूड खणलेला. अंग आत बसवलं, पण डोकं काठाला टेकून पुढे झुकलेलंच राहिलं. पेटी नाही, कफनाची खूण नाही. पावलं नाहीत, ती नंतरच्या कुठल्याशा बांधकामात गेली. थोडी आणखी खोदाई झाली असती तर कवटीही गेली असती. अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. शिवाय पोटात जंत होते, तेही मातीतल्या अंड्यांवरून कळलं. राजाचं एवढं खाजगी आपण बघावं का, असं मनात आलं खरं, पण नजर हलत नव्हती.

कण्याची प्रतिकृती ठेवली आहे. मधोमध आडवा बाक घेऊन गेलेला कणा. रिकार्डियन मंडळींनी पिढ्यान्पिढ्या सांगितलं होतं की कुबड ही ट्यूडरांनी, म्हणजे त्याला हरवून गादीवर आलेल्या घराण्याने, केलेली बदनामी. मी ताईला विचारलं, "मग हे बघून वाईट नाही वाटलं?"

"कुबड नाही गं, बाक आहे. दहाएक वर्षांचा झाल्यावर सुरू झालेला. एक खांदा किंचित वर, एवढंच. आणि वाळलेला हात तर मुळीच नव्हता."

पुढे असाच बाक असलेला एक तरुण शोधून त्याच्या मापाचं चिलखत घडवलं आणि त्याला घोड्यावर बसवून बघितलं. त्या काळच्या उंच खोगिरात त्याची पाठ छान सावरली जायची, तो बेधडक भाला चालवायचा. विरोधकाच्या पुराव्यातून स्वतःचा मुद्दा काढण्यात ही मंडळी पटाईत आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

ओळख पटवायचं मुख्य काम मात्र अशाच एका नादिष्ट संशोधकाने आधीच करून ठेवलं होतं. जॉन ॲशडाउन-हिल यांनी रिचर्डच्या बहिणीपासून आईकडून लेकीकडे जाणारी साखळी शोधत थेट कॅनडातल्या एका बाईंपर्यंत आणली होती. त्यांचा मुलगा मायकेल इब्सेन लंडनला सुतारकाम करणारा, फर्निचर घडवणारा. त्याच्या लाळेतला मायटोकाँड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा, डीएनए जुळला, आणि मग राजाची ओकची शवपेटीही त्यानेच घडवली. बापाकडून येणारा वाय गुणसूत्राचा धागा मात्र जुळला नाही, म्हणजे मधल्या कुठल्याशा पिढीत कुणीतरी कुणालातरी फसवलं होतं. ताई हे सांगताना घाईत असते.

संध्याकाळी कॅथीड्रलमध्ये कबर बघितली. फिकट दगडाचा मोठा ठोकळा, त्यात आरपार कापलेला खोल क्रूस, खाली काळा चौथरा. २६ मार्च २०१५ ला इथे पुरताना त्याच्यासोबत तीन ठिकाणची माती ठेवली: फॉदरिंगे, जिथे जन्मला, मिडलम, जिथे वाढला, आणि फेन लेन, जिथे मेला असं मानतात. आमच्या पुढच्या मुक्कामांची यादी हीच.

रविवार, बॉसवर्थ

अँबियन टेकडीवर दर ऑगस्टात जत्रा भरते. तंबू, धूर, मडक्यात शिजणारे वाटाणे, आणि चिलखत घालून घामाघूम झालेले बाप्ये. एकाशी बोलले. एरवी गॅसचे मीटर तपासतो. अंगातला जाड डगला त्याने स्वतः हाताने शिवला होता, तागाच्या कापडाचे पंचवीसेक थर एकावर एक दाबून. मला हात लावून बघ म्हणाला. पुठ्ठ्यासारखा कडक. "बाण अडवतो?" विचारलं तर म्हणाला, "अडवतो. पण शिवताना सुई मोडते ती अडवत नाही." दोन हिवाळे लागले म्हणे.

लढाई दाखवतात ती टेकडीवर. खरी लढाई इथे झालीच नाही. २०१० च्या सुमारास जाहीर झालं की मैदान इथून नैर्ऋत्येला तीनेक किलोमीटरवर, फेन लेनच्या दोन्ही अंगांना आहे. हे ठरवलं ग्लेन फोर्ड यांच्या सर्वेक्षणाने, पण शेतं पायाखाली घालून रोज काही फूट पुढे सरकणारे होते ते धातुशोधक यंत्रं घेऊन हिंडणारे हौशी लोक. त्यांना शिशाचे तीसहून जास्त तोफगोळे मिळाले, आणि जुन्या दलदलीच्या कडेला अंगठ्याएवढं चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं रानडुक्कर. पांढरं रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. असा चांदीचा बिल्ला बाळगणारा माणूस राजाच्या अगदी जवळचा असणार, म्हणजे अखेरची झटापट तिथेच. हेन्री ट्यूडरला गाठायला राजा मोजक्या घोडेस्वारांनिशी सुटला, त्याचा झेंडेकरी पाडला, आणि तेवढ्यात स्टॅनली नावाच्या सरदाराची माणसं बाजू बदलून आडवी आली. मैदान खाजगी शेतीचं आहे, आत जाता येत नाही. आम्ही रस्त्याच्या कडेने गव्हाचे खुंट बघून परतलो.

दुपारी सटन चेनीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना. लढाईआधी राजाने इथे शेवटची प्रार्थना ऐकली अशी आख्यायिका आहे, पुरावा काही नाही. चर्च इवलंसं. बाकांखाली गुडघे टेकायच्या उशा आहेत, त्या सभासद बायकांनी भरलेल्या. माझ्या समोरच्या उशीवर पांढरं रानडुक्कर, सुळा सोनेरी लोकरीचा, आणि आयाळीला करड्या रंगाच्या तीन छटा वापरलेल्या. एका डोळ्यासाठी एकच काळा टाका. माणसाला ज्याच्याबद्दल नुसतं कुतूहल असतं त्याच्यासाठी तो एवढं बारीक भरत नाही.

ही सोसायटी लिव्हरपूलच्या एका शल्यचिकित्सकाने १९२४ साली मित्र जमवून सुरू केली, तेव्हा नाव होतं 'फेलोशिप ऑफ द व्हाइट बोअर'. १९५९ ला आजचं नाव आलं. बाहेरच्यांना वाटतं की ही मंडळी गुलाब वाहून रडतात. वाहतातही. पण रिचर्डच्या मुद्रेच्या कचेरीतली मूळ नोंदवही, ब्रिटिश लायब्ररीतलं हार्लियन ४३३ क्रमांकाचं हस्तलिखित, १९७९ ते १९८३ मध्ये चार खंडांत छापून आणलं ते यांनीच. आज रिचर्डला शिव्या घालायच्या तरी अभ्यासकाला तेच खंड उघडावे लागतात.

सोमवार, फॉदरिंगे

सकाळी निघून दीडेक तासात पोचलो. गाव म्हणजे एक रस्ता. नेन नदीच्या काठी किल्ल्याचं आता फक्त गवताळ टेपाड उरलंय, आणि पायथ्याशी कठड्याच्या आत दगडी बांधकामाचा एक तुकडा. कठड्यावर दोन पाट्या. एकीवर रिचर्ड, इथे २ ऑक्टोबर १४५२ ला जन्मला. दुसरीवर मेरी, स्कॉटलंडची राणी, इथल्या दिवाणखान्यात ८ फेब्रुवारी १५८७ ला तिचं डोकं उडवलं. एकाच तुकड्यावर दोन वेगळ्या पंथांचे भाविक येतात आणि एकमेकांच्या फुलांना धक्का न लावता आपापली ठेवून जातात.

आम्ही असताना मेरीच्या बाजूच्या दोघी आल्या, ग्लासगोजवळच्या. त्यांनी ताईच्या कोटावरचा रानडुकराचा बिल्ला बघितला आणि हसून मान हलवली. मी त्यांना चौथ्या जेम्सबद्दल विचारलं. त्यांतली थोरली म्हणाली, "हो, तो मेरीचा आजा." झालं. चौथ्या जेम्सची ओळख एवढीच. हे माझ्या मनात राहून गेलं.

चर्चचा अष्टकोनी मनोरा लांबून दिसतो. आत रिचर्डच्या यॉर्क घराण्याच्या कबरी, पहिल्या एलिझाबेथने १५७३ साली नीट करून घेतलेल्या. तिची ही खापरपणजी-खापरपणजोबांची मंडळी, पण कबर बांधताना तिने खर्चाचा हात आखडलेला दिसतो.

मंगळवार, टाउटन आणि यॉर्क

वाटेत टाउटन. २९ मार्च १४६१, पाम संडे म्हणजे ईस्टरआधीचा रविवार, गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत हिमवादळात झालेली लढाई. जुने बखरकार २८,००० मेले म्हणतात. आजचे अभ्यासक तो आकडा मानत नाहीत. १९९६ साली इथे बांधकामात एक सामूहिक खड्डा लागला, त्यातल्या कवट्यांवरचे घाव बघितले की आकड्यावरचा वाद बाजूला राहतो. कॉक बेक नावाचा ओढा आहे, त्यात पळणारे बुडाले. आम्ही गेलो तेव्हा त्यात घोटाभर पाणी होतं आणि एक कुत्रा.

यॉर्कने रिचर्डला आपलं मानलं होतं. बॉसवर्थच्या दुसऱ्याच दिवशी शहराच्या दप्तरात नोंद झाली, की आमच्यावर दयेने राज्य करणारा राजा निर्दयपणे मारला गेला आणि या नगरीला त्याचं फार मोठं दुःख झालं. नवा राजा सिंहासनावर बसत असताना असं लिहून ठेवायला छाती लागते. म्हणूनच राजाची हाडं यॉर्कला द्या, म्हणून काही जण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये ते फेटाळलं. ताई लेस्टरची, त्यामुळे या विषयावर ती यॉर्कात हळू आवाजात बोलते.

रात्री जेवताना भाऊजींनी नेहमीचा प्रश्न टाकला. "ते दोन पोरगे कुठे गेले, ते सांग आधी." पोरगे म्हणजे रिचर्डचे पुतणे, बारा आणि नऊ वर्षांचे, १४८३ च्या उन्हाळ्यानंतर लंडनच्या टॉवरमध्ये कुणाला दिसले नाहीत. काकाने गादी घेतली, पोरं गायब, एवढ्यावर जगाने निकाल दिला.

ताईकडे उत्तर तयार होतं. लँग्लीबाईंनी नंतर या मुलांचाही शोध मांडला आणि जगभरचे शेकडो हौशी लोक जुनी दप्तरं चाळायला बसवले. त्यांच्या डच गटातल्या एकाला फ्रान्समधल्या लीलच्या दप्तरखान्यात १४८७ च्या डिसेंबरची एक पावती मिळाली. मुलांची आत्या, बरगंडीची मार्गारेट, हिच्यासाठी ४०० लांब भाले घेतल्याची. कुणासाठी, तर तिच्या भाच्यासाठी, 'राजा एडवर्डचा मुलगा'. म्हणजे १४८७ साली थोरला जिवंत होता, असं ताईचं म्हणणं.

पावती खरी आहे, यात वाद नाही. पण त्याच वर्षी डब्लिनमध्ये एका पोराला राज्याभिषेक करून इंग्लंडवर सोडलं होतं, आणि त्याचे पाठीराखे त्याला राजपुत्रच म्हणणार. भाले विकणाऱ्याच्या पावतीत वंशावळीची शहानिशा नसते. मी हे म्हटलं तर ताई म्हणाली, "मग तुझ्याकडे मेल्याची पावती आहे का?" तीही नाही, हे कबूल करावं लागलं. ज्या कागदाकडे अभ्यासकांची नजर गेली नव्हती तो एका हौशी माणसाने शोधला, हे मात्र कुणी नाकारू नये.

बुधवार, मिडलम

मिडलममध्ये पहाटे शर्यतीचे घोडे रस्त्याने जातात, किल्ल्याच्या भिंतीला त्यांच्या टापांचा घुमारा येतो. रिचर्ड पोरवयात इथे वॉरिकच्या अर्लकडे शिकायला होता, नंतर त्याच अर्लच्या लेकीशी लग्न करून किल्ल्याचा धनी झाला. एकुलता औरस मुलगा एडवर्ड इथेच जन्मला आणि १४८४ साली लहानपणीच गेला. आतल्या आवारात राजाचा एक पांढरा पुतळा आहे. ताईने फोटो काढला, मला आवडला नाही, आम्ही दोघी काही बोललो नाही.

मिडलम ज्युएल नावाचं सोन्याचं नीलम जडवलेलं पदक १९८५ साली एका धातुशोधकाला किल्ल्याजवळ सापडलं आणि १९९२ साली यॉर्कशायर म्युझियमने २५ लाख पौंडांना घेतलं. काल यॉर्कात काचेआड बघितलं होतं. मुठीत झाकेल एवढं.

पुढचा सगळा दिवस गाडीत. पाऊस.

गुरुवार, फ्लॉडन

आता माझा राजा. चौथा जेम्स, १४७३ चा जन्म. पंधराव्या वर्षी बापाविरुद्धच्या बंडात त्याला पुढे केलं गेलं, बाप लढाईत मेला, आणि पोरगा गादीवर आला. त्या पापाची टोचणी म्हणून कमरेला लोखंडी साखळी बांधायचा, आणि वर्षागणिक तिच्यात भर घालायचा, असं सांगतात. राजाला गेलिक येत होती, छापखान्याला सनद दिली, एडिंबऱ्याच्या शल्यवैद्यांना सनद दिली. स्वतःला दात उपटायची हौस, इतकी की दात उपटून घेणाऱ्याला राजाच पैसे द्यायचा. खजिन्याच्या हिशेबात ते लिहून ठेवलंय. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची, म्हणजे बॉसवर्थ जिंकलेल्या त्याच हेन्री ट्यूडरची, लेक मार्गारेट त्याने १५०३ साली केली, आदल्या वर्षी 'कायमच्या शांतते'चा तह झाला होता. आणि दहा वर्षांनी फ्रान्सच्या शब्दाखातर तोच मेव्हण्यावर चालून गेला.

ब्रँक्स्टन गाव इंग्लंडच्या बाजूला, सीमेला लागून. टेकडीच्या उतारावरून जेम्सची फौज खाली आली, हातात पंधरा-अठरा फुटी भाले. असा भाला सपाट जागी, रांग न मोडता चालायला हवा. ९ सप्टेंबर १५१३ ला पाऊस पडून गेला होता. पाय सटकू नयेत म्हणून स्कॉट लोकांनी पायताणं काढली. उताराच्या तळाशी मात्र ओल होती, वरून न दिसणारी. तिथे रांग मोडली, आणि इंग्रजांच्या आखूड दांड्याच्या कोयतेवजा शस्त्रांनी भाल्यांची टोकं छाटून काढली.

मी उतरून गेले खाली. अजूनही ओल आहे. पुढे चरही खणलाय, पण बुटाखाली गवत पचकतं आणि टाच आत जाते. वर उभं राहून बघितलं तर हा पट्टा खरंच कळत नाही, शेत सरळ उतरल्यासारखं वाटतं. पाट्या, नकाशे, पुस्तकं सगळं बघून झाल्यावर ही एक टाच आत जाणं मला जास्त सांगून गेलं.

राजा इंग्रज सेनापतीपासून भाल्याच्या अंतरावर पडला म्हणतात. ब्रिटनमध्ये लढाईत मेलेला शेवटचा राजा. सोबत त्याचा अनौरस मुलगा, सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप, विशीतला, विद्वान इरॅस्मसचा शिष्य. मेलेल्या स्कॉट सैनिकांचा आकडा साधारण १०,००० सांगतात.

आणि त्याची हाडं? तह मोडल्याबद्दल पोपने बहिष्कृत केलं होतं, म्हणून पवित्र भूमीत पुरता येईना. प्रेत बेरिकला नेऊन मसाले भरले, मग लंडनजवळ शीनच्या मठात ठेवलं. मठ मोडल्यावर ते अडगळीत पडलं. एलिझाबेथच्या काळात कामगारांनी गंमत म्हणून त्याचं डोकं तोडलं आणि राणीच्या काच बसवणाऱ्या कारागिराने ते काही दिवस घरी ठेवून मग एका चर्चात पुरलं, असं तेव्हाच्या इतिहासकाराने लिहिलंय. मठाची जागा आज गोल्फचं मैदान आहे. याच जेम्सने १५०२ साली पर्थच्या धनुष्यकाराकडून गोल्फच्या काठ्या घेतल्या, आणि गोल्फचं सामान घेतल्याची ती सर्वांत जुनी नोंद.

असा राजा. पण त्याच्यासाठी कुणी डांबर फोडत नाही. स्मारक आहे, १९१० चा क्रूस, 'दोन्ही राष्ट्रांच्या शूरांना'. गावात जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये माहिती केंद्र आहे, जगातलं सर्वांत लहान म्हणतात. आत एकाच माणसाला उभं राहता येतं. कोल्डस्ट्रीमचे घोडेस्वार दर ऑगस्टात इथे स्वारी आणून मान देतात. ते सैनिकांसाठी, गावासाठी. राजासाठी नाही.

मला वाटतं कारण सरळ आहे. जेम्सला कुणी खलनायक केलंच नाही. रिचर्डवर ट्यूडरांनी चिखल उडवला, म्हणून तो पुसायला माणसं धावली, आणि पुसता पुसता त्यांना नोंदवह्या, मृत्युपत्रं, हाडं, सगळं सापडत गेलं. जेम्सच्या वाट्याला नुसता विसर आला, आणि विसराविरुद्ध कुणाला राग येत नाही. ताईला मी हे गाडीत बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग तू काढ ना सोसायटी."

रात्री केल्सोला. इथल्या रॉक्सबरो किल्ल्याला वेढा घालताना १४६० साली दुसरा जेम्स स्वतःचीच तोफ फुटून मेला. जवळ उभा राहून बघत होता.

शुक्रवार, स्टर्लिंग

लिनलिथगोला चहापुरते थांबलो. मार्गारेट वरच्या सज्ज्यात बसून फ्लॉडनहून नवऱ्याची वाट बघत होती, ही कथा तिथे सगळे सांगतात.

स्टर्लिंगच्या किल्ल्यातलं जेम्सने बांधलेलं मोठं सभागृह लांबून पिवळंधमक दिसतं. मूळ रंगाप्रमाणे चुन्याने रंगवलंय, गावातल्या कित्येकांना पटलेलं नाही. याच तटावरून १५०७ साली राजाच्या आश्रयातला जॉन डेमियन नावाचा किमयागार पिसांचे पंख लावून फ्रान्सला उडत जायला निघाला. उकिरड्यावर पडला, मांडी मोडली. मग म्हणाला, पंखांत कोंबडीची पिसं मिसळली होती, आणि कोंबडीचा ओढा उकिरड्याकडेच.

आणि इथेच १४९५ साली तो तोतया आला. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा उभा राहिला तसाच, टॉवरमधल्या धाकट्या राजपुत्राच्या नावाने. पर्किन वॉरबेक. जेम्सने त्याला राजपुत्रासारखं उतरवून घेतलं, नात्यातली कॅथरिन गॉर्डन त्याला दिली, त्याच्यासाठी इंग्लंडवर स्वारीसुद्धा केली. लोक उठले नाहीत, राजाचा उत्साह ओसरला, आणि पर्किन १४९९ साली टायबर्नला फासावर गेला. ताई या सभागृहात पहिल्यांदा माझ्या राजावर खूश झाली. "बघ, त्याला तरी पटलं होतं," म्हणाली. जेम्सला खरंच पटलं होतं, का इंग्लंडला डिवचायला नुसतं प्यादं मिळालं होतं, यावर आमचं किल्ला उतरेपर्यंत चाललं. भाऊजी पुढे जाऊन पार्किंगचे पैसे भरून आले.

खाली केंबसकेनेथ मठ. जेम्सचा बाप, तिसरा जेम्स, आणि राणी मार्गारेट यांची कबर १८६४ च्या खोदाईत मिळाली आणि व्हिक्टोरिया राणीने ती नव्याने बांधून दिली.

शनिवार, पर्थ

पर्थला १४३७ च्या फेब्रुवारीत ब्लॅकफ्रायर्स मठात पहिल्या जेम्सचा खून झाला. मारेकरी आले तेव्हा तो जमिनीची फळी उचलून खालच्या मोरीत उतरला. मोरीचं तोंड बाहेर उघडायचं, पण तीन दिवस आधी त्यानेच ते बुजवून घेतलं होतं, कारण टेनिस खेळताना चेंडू त्यात जायचे. मठाचं आज रस्त्याच्या नावापुरतं अस्तित्व आहे.

राजाला पुरलं ते शहरातल्या चार्टरहाउस मठात, त्यानेच स्थापलेल्या. तो मठ १५५९ साली प्रोटेस्टंट सुधारकांच्या जमावाने पाडला. त्या जागेवर १७५० सालची किंग जेम्स हॉस्पिटलची इमारत उभी आहे, आता तिच्यात लोक राहतात. अभ्यासकांची नजर या जागेवरही आहे, आणि इथे फक्त पहिला जेम्स नाही. त्याची राणी जोन ब्यूफर्ट आहे, आणि १५४१ साली मेलेली मार्गारेट ट्यूडर, माझ्या जेम्सची बायको.

हे ऐकून ताई फुटपाथवरच थांबली. मार्गारेटची आई यॉर्कची एलिझाबेथ, म्हणजे टॉवरमधल्या मुलांची सख्खी बहीण. आईकडून येणारा धागा एकच. वेस्टमिन्स्टर ॲबीत १६७८ सालापासून एका पात्रात दोन मुलांची हाडं आहेत, ती त्यांचीच का हे याच धाग्यावरून ठरवता येईल. जिवंत वंशजातून तो धागा २०१८ साली मिळालेलाच आहे, त्यामुळे पर्थ खणायची गरज नाही; अडलंय ते ॲबीच्या परवानगीवर. पण ताईचं म्हणणं, दोन्हींकडून जुळलं तर कुणाला तोंड राहणार नाही.

"आणि पात्रातली हाडं त्यांचीच निघाली तर?" भाऊजींनी विचारलं. "तुमच्या भाल्यांच्या पावतीचं काय?"

"निघाली तर निघाली. मग कधी मेले ते बघायचं, कुणी मारले ते बघायचं. काम काही संपत नाही."

एका खिडकीतून कुणीतरी आमच्याकडे बघत होतं. ताईने हात केला, आणि या इमारतीचं तळघर कधी उकललं होतं का, हे विचारायला सरळ दाराकडे निघाली.